आधी होडी, मग आरमार: अंतराळ-साम्राज्याच्या गेम्स नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

देवगडात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मे महिन्यात बहिणीचा मुलगा ठाण्याहून येतो, आंबे संपेपर्यंत राहतो आणि दिवसातले चार-पाच तास दुकानातच ठाण मांडून बसतो. गेल्या वर्षी म्हणाला, "मामा, ती ग्रह-बिग्रह जिंकायची गेम असते ना, ती शिकव." मी कौतुकाने त्याला थेट स्टेलारिस लावून दिली आणि एका गिऱ्हाइकाचा प्रिंटर उघडून बसलो. तासाभराने मागे वळून बघतो तर हा हाताची घडी घालून स्क्रीनकडे नुसता बघतोय. वर ओळीने दहा-बारा आकडे, त्यातले तीन लाल, आणि सूचनांची ही रांग. "मामा, यात करायचं काय असतं?"

चूक त्याची नव्हती. आम्ही पोरांना पोहायला खाडीच्या कमरेएवढ्या पाण्यात शिकवतो, जेटीवरून ढकलून देत नाही. इथे मी ढकललं होतं. दुसऱ्या दिवशी मुळापासून सुरुवात केली, आणि जून उजाडेपर्यंत पोरगा मला हरवायला लागला. ज्या क्रमाने आम्ही गेलो तोच खाली देतोय.

प्रकार काय आहे, ते आधी

या गेम्सना फोर-एक्स म्हणतात. १९९३ साली मास्टर ऑफ ओरायन या गेमची ओळख करून देताना अॅलन एमरिच या समीक्षकाने कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड मासिकात हा शब्द काढला: एक्सप्लोअर, एक्सपांड, एक्सप्लॉइट, एक्सटर्मिनेट. आपल्या भाषेत हुडकायचं, पसरायचं, पिकवायचं आणि आडवा येईल त्याला संपवायचं. अशा गेम्स त्याआधीही होत्या. ऑस्ट्रेलियात बनलेली रीच फॉर द स्टार्स १९८३ ची. पण आज तुम्ही जी काही उघडाल तिचा सांगाडा बहुतेक करून मास्टर ऑफ ओरायनचाच असतो: एक मूळ ग्रह, दोन-चार यानं, अंधारलेला नकाशा, आणि त्या अंधारात तुमच्यासारखेच आणखी काही जण.

नवख्याचं सगळं लक्ष चौथ्या एक्सवर असतं. लढाऊ जहाजं, लेझर, स्फोट. माझा अनुभव असा की या गेम्समध्ये लढाई हा फक्त निकाल असतो, परीक्षा आधीच झालेली असते. शेजारी चाल करून येतो तेव्हा तुमच्याकडे पाच जहाजं आणि त्याच्याकडे वीस का, याचं उत्तर गेममधल्या तीस वर्षांपूर्वीच्या हिशेबात सापडतं. म्हणून मी तोफा शेवटी शिकवतो, वही आधी.

घरचे विचारतील, "यात पैसे लावायचे असतात काय?" नाही. रमीच्या जाहिरातींनी 'ऑनलाइन गेम' या शब्दाचं वाटोळं केलंय, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. खाली सांगितलेल्या सगळ्या गेम्स एकट्याने, नेट बंद ठेवूनही खेळता येतात.

पायरी १: मशीन आणि लाइट

महागडं ग्राफिक्स कार्ड लागतंच असं नाही. गेमच्या उत्तरार्धात शेकडो ग्रह आणि हजारो जहाजांचा हिशेब चालतो, तो भार प्रोसेसरवर येतो. ऑफिसच्या कामाचा बऱ्यापैकी लॅपटॉप असेल तर जुन्या वळणाच्या गेम्स आरामात चालतात. नव्या गेम्स छोट्या नकाशावर चालतात, फक्त शेवटी शेवटी धापा टाकतात. डाउनलोड मोठं असतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते रात्री लावून झोपावं आणि सकाळी अर्ध्यावर तुटलेलं आढळलं तर शिव्या न देता पुन्हा चालू करावं, ते जिथे थांबलं तिथून पुढे जातं.

किनाऱ्यावरच्या लोकांना दुकानदार म्हणून एक सांगतो. खारी हवा आणि पावसातली ओल यांनी लॅपटॉप जितके मरतात तितके गेम खेळून मरत नाहीत. जून ते सप्टेंबर माझ्याकडे येणाऱ्या दर तीन मशीनमधल्या एकीच्या तरी बोर्डावर हिरवट पांढरी बुरशी असते. वापरत राहिलात तर मशीन गरम राहतं आणि ओल धरत नाही. महिनाभर बॅगेत बंद ठेवलेला लॅपटॉप जास्त लवकर जातो. आईला पटवायला हे कारण चांगलं आहे आणि खरंही आहे.

लाइटचं म्हणाल तर आपल्याकडे ती जाणारच. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवा, आणि गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटोसेव्ह किती वेळाने होतं ते बघून घ्यावं. शक्य तितकं जवळ जवळ ठेवा. स्टेलारिससारख्या गेम्समध्ये आयर्नमॅन नावाचा प्रकार असतो. त्यात एकच सेव्ह राहतं, मागे फिरता येत नाही. पहिल्या पावसाळ्यात त्याच्या वाटेला जाऊ नका.

पायरी २: फुकट गेमपासून सुरुवात

रेम्नंट्स ऑफ द प्रिकर्सर्स ही मूळ मास्टर ऑफ ओरायनचीच नव्याने बांधलेली, पूर्ण मोफत गेम आहे. इच डॉट आयओ या साइटवर मिळते. नियम जवळपास १९९३ चेच, चित्रं मात्र नवी आणि देखणी. जमातींची नावं बदललीत, स्वभाव तेच: कोणी संशोधनात हुशार, कोणी कारखान्यात, कोणी हेरगिरीत, कोणी नुसती भराभर वाढणारी. पहिल्या खेपेला माणूस जमात घ्या, नकाशा सगळ्यात लहान, विरोधक दोन, आणि अवघडपणाची सगळ्यात खालची पातळी. यात लाज नाही.

ही गेम आळीपाळीची आहे. तुम्ही चाल करता, 'पुढची फेरी' दाबता, एक वर्ष सरकतं. घाई कसलीच नाही. चहा घेऊन या, गिऱ्हाईक बघा, परत बसा.

सुरुवातीला हातात एक ग्रह, दोन टेहळणी यानं आणि एक वसाहतीचं यान असतं. भाचा वसाहतीचं यान घेऊन जवळच्या ताऱ्याकडे सुटला. मी थांबवलं. मासे कुठे आहेत ते न बघता जाळं टाकायचं नसतं. टेहळणी यानांना इंधनाच्या जादा टाक्या असतात, ती वसाहत यानापेक्षा लांब जातात. त्यांना दोन वेगळ्या दिशांना पाठवा, वसाहत यान एक-दोन फेऱ्या घरीच राहू दे. टेहळणीत चांगला ग्रह दिसला की मग ते सोडा.

आता वही. ग्रहावर टिचकी मारलीत की पाच पट्ट्या दिसतात: जहाजं, संरक्षण, उद्योग, पर्यावरण, संशोधन. ग्रहाचं एकूण उत्पन्न या पाचांत वाटायचं. एक पट्टी वाढवली की बाकीच्या कमी होतात. अख्खी गेम या पाच पट्ट्यांत आहे म्हटलं तरी चालेल, म्हणून इथे जरा थांबतो.

पर्यावरणाच्या पट्टीत किमान इतकं ठेवायचं की कारखान्यांचा कचरा साफ होईल. ते सोडून पहिल्या पंचवीस-तीस फेऱ्या जवळजवळ सगळं उद्योगात. कारखाने म्हणजे उत्पन्न, आणि ते उत्पन्न पुढच्या वर्षी आणखी कारखाने बांधतं. भाच्याने दहाव्या फेरीत संशोधनाची पट्टी अर्ध्यापर्यंत नेली. कारण विचारलं तर म्हणाला, "लेझर लवकर मिळेल ना." लेझर मिळालं असतं, पण ते बसवायला जहाज बांधण्याइतकं उत्पन्नच नव्हतं. कलम लावल्यावर पहिली काही वर्षं मोहोर खुडून टाकतात, झाडाला आधी अंग धरू देतात, हे त्याला आजोबांच्या बागेत दाखवलेलं होतं. गेममध्ये ते आठवायला मात्र वेळ लागला.

दुसरी वसाहत झाली की तिथे माणसं पाठवा. नव्या ग्रहावर मूठभर माणसं असतील तर कारखाने चालवणार कोण? यात एक बारकावा आहे जो मला स्वतःला कळायला महिना लागला. लोकसंख्या सगळ्यात वेगाने वाढते ती ग्रह अर्धा भरलेला असताना. रिकामा असताना हळू, आणि भरत आला की पुन्हा हळू. म्हणजे मूळ ग्रह नव्वद टक्के भरला असेल तर तिथली थोडी माणसं नव्या वसाहतीला पाठवून तुमचं नुकसान काहीच होत नाही. जुना ग्रह ती जागा पटकन भरून काढतो आणि नवा ग्रह दहा-पंधरा वर्षं पुढे सरकतो. मुंबईच्या चाकरमान्यांना हे समजावून सांगावं लागत नाही, फक्त आपल्याकडे गेलेली जागा पुन्हा भरत नाही.

संशोधनाची सहा खाती आहेत: संगणक, बांधकाम, संरक्षक कवच, ग्रहशास्त्र, इंजिनं आणि शस्त्रं. कारखाने बऱ्यापैकी झाले की आधी इंजिनं आणि ग्रहशास्त्र. इंजिनं सुधारली की यानांचा पल्ला वाढतो आणि नकाशा उघडतो. ग्रहशास्त्र सुधारलं की आजवर नापीक म्हणून सोडलेले ग्रह वस्तीला मिळतात. गंमत अशी की प्रत्येक डावात प्रत्येक शोध उपलब्ध नसतोच, काही शोध तुमच्या यादीत येतच नाहीत. ते शेजाऱ्याकडून देवघेवीत मिळवायचे किंवा हेर पाठवून आणायचे. त्यामुळे पाठ केलेली चाल दुसऱ्या डावात चालत नाही.

भाच्याचा पहिला पूर्ण डाव असा संपला. साधारण शंभर वर्षं झाली होती, त्याचे सात ग्रह, आरमार छान, कुणाशी भांडण नाही. अचानक आकाशगंगेच्या सभेचं बोलावणं आलं. लोकसंख्येच्या प्रमाणात मतं, आणि दोन तृतीयांश मिळवेल तो सम्राट. दुसऱ्या कुणीतरी तेवढी मतं गोळा केली आणि खेळ संपला.

"मामा, मी हरलोच कसा? कोणी हल्लासुद्धा केला नाही!"

आई पडवीत काजू सोलत बसली होती. तिची दोन वर्षं ग्रामपंचायतीत गेलीत. ती म्हणाली, "मतां मागूक गेल्लस काय तू? मग?"

तो गेला नव्हता. शंभर वर्षांत त्याने कुणाशी करार केला नव्हता, व्यापार केला नव्हता. राजकारणाचं पान त्याने उघडलंच नव्हतं. दुसऱ्या डावात त्याने शेजाऱ्याशी व्यापाराचा करार पहिल्या भेटीतच केला.

असे तीन-चार डाव खेळा. हरा. एक डाव लहान नकाशावर एखाद्या संध्याकाळीही संपतो, ही या जुन्या गेमची मोठी सोय आहे. ही आवडली तर फ्रीओरायन नावाची आणखी एक मोफत, मुक्त स्रोत गेम आहे. ती जास्त खोल आहे, थोडी रूक्षही. आणि ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी अँड्रॉइडवर युनसिव्ह ही मोफत गेम घ्यावी. ती अंतराळातली नाही, जमिनीवरच्या संस्कृतींची आहे, पण हुडका-पसरा-पिकवा हा हात तिथेही बसतो.

पायरी ३: विकत घ्यायची तर कोणती

आज या प्रकाराची स्थिती काय, हे एका वाक्यात सांगायचं तर: गेम्स पुष्कळ आहेत, सावली एकीचीच पडते. ती म्हणजे स्टेलारिस. स्वीडनमधल्या पॅराडॉक्सची, मे २०१६ ची. तिच्याकडे शेवटी येतो. आधी बाकीच्या.

एंडलेस स्पेस २ ही पॅरिसच्या अँप्लिट्यूडने २०१७ साली आणली. दिसायला या सगळ्यांत सुंदर, आणि तिच्यातल्या जमाती खरोखर वेगवेगळ्या खेळतात. लुमेरिस नावाचे व्यापारी लढाईपेक्षा पैसे मोजून वसाहती घेतात. क्रेव्हर्स ग्रह अक्षरशः खाऊन संपवतात आणि पुढे सरकतात. तिचा तिसरा भाग आलेला नाही. पण त्यामुळे एक फायदा झालाय: ही गेम आता आहे तशीच राहणार, तुम्ही जे शिकाल ते पुढच्या वर्षी जुनं होणार नाही. आळीपाळीच्या गेमवरून येणाऱ्याला मी पहिली हीच सुचवतो.

सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर २ मध्ये वेळ थांबत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ती स्टीमवर, म्हणजे गेम्स विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, आली. तिच्यातले ग्रह सूर्याभोवती फिरत राहतात, त्यामुळे काल शेजारी असलेला ग्रह आज लांब गेलेला असतो आणि वाटाच बदलतात. लढाई बघायला जिवाला आवड असेल, मित्रांबरोबर खेळायचं असेल, तर ही.

गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स ४ (२०२२) ही स्टारडॉकची. हिने एक शहाणपणाची गोष्ट केलीय. तुम्ही ज्या ग्रहावर प्रशासक नेमता तेवढेच ग्रह बारकाईने सांभाळायचे, बाकीच्या वसाहती आपला माल मुकाट त्या मुख्य ग्रहाकडे पाठवतात. चाळीस ग्रहांच्या चाळीस याद्या बघत बसावं लागत नाही.

डिस्टंट वर्ल्ड्स २, त्याच वर्षाची, न्यूझीलंडच्या एका छोट्या चमूची. यात सरकार वेगळं आणि खाजगी व्यापार वेगळा. मालवाहू जहाजं तुमची नसतातच, ती आपापल्या धंद्याने फिरतात, तुम्हाला कर मिळतो. पाहिजे ते खातं गेमवर सोपवता येतं. सगळंच सोपवलं तर गेम स्वतःशीच खेळते आणि तुम्ही बघत बसता. मला हे फार आवडतं. भाच्याला झोप आली.

घ्यायची कशी? स्टीमवर किमती रुपयांत दिसतात, यूपीआय चालतं. पूर्ण किमतीत घेऊ नका. जूनच्या शेवटी आणि डिसेंबरच्या शेवटी मोठा सेल असतो, आणि जूनचा सेल नेमका होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना येतो. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळली असेल तर पैसे परत मिळतात. पण या गेम्समध्ये दोन तास नुसत्या सूचना वाचण्यात जातात, तेव्हा घड्याळाकडे लक्ष असू द्या. इंग्रजी मजकूर बराच वाचावा लागतो, त्याचीही तयारी ठेवा.

पायरी ४: स्टेलारिस, पहिली वीस वर्षं

स्टेलारिसकडे जाण्याआधी एक समजून घ्या. ही गेम म्हणजे कोकणातलं जुनं घर आहे. दर वर्षी कुणीतरी एक पडवी वाढवतं, दर दोन-तीन वर्षांनी चूल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते. २०१८ च्या सुरुवातीपर्यंत ताऱ्यांमध्ये जायच्या तीन वेगळ्या पद्धती होत्या, मग दोन काढून टाकल्या. त्याच वर्षअखेरीला ग्रह चालवायची रीत मुळापासून बदलली. मे २०२५ च्या ४.० आवृत्तीत लोकसंख्या मोजायची पद्धत पुन्हा बदलली, कारण उत्तरार्धात गेम फार हळू व्हायची. याचा व्यावहारिक अर्थ असा: यूट्यूबवर व्हिडिओ बघताना आधी तो कुठल्या आवृत्तीचा आहे ते बघा. ४.० च्या आधीचा असेल तर ग्रहांबद्दलचा भाग सोडून द्या. भाच्याने २०१९ चा एक व्हिडिओ बघून अर्धा तास एक बटण शोधलं होतं, जे आता गेममध्ये नाही.

दुसरं, डीएलसी. पूरक भागांची यादी बघून छाती दडपते, आणि सगळे मिळून किंमत मूळ गेमच्या कितीतरी पट होते. पहिल्या डावाला एकही लागत नाही. मूळ गेमवर शंभर तास सहज जातात. त्यानंतर अमुक एक गोष्ट नाही म्हणून अडलं, तर तेवढाच भाग सेलमध्ये घ्या. आमच्याकडे पहिल्यांदा युटोपिया घेतला गेला, तोही वर्षभराने.

नवा डाव सुरू करताना आकाशगंगा लहान घ्या, चारशे ताऱ्यांची, जमलं तर दोनशेची. साम्राज्य युनायटेड नेशन्स ऑफ अर्थ, म्हणजे आपलीच पृथ्वी. सल्लागार रोबोच्या सूचना चालू ठेवा. गेम १ जानेवारी २२०० ला सुरू होते. पहिलं काम: स्पेस बारशी ओळख. तो दाबला की वेळ थांबते. ही गेम वेळ थांबवून खेळायची आहे. थांबवली म्हणून कुणी हसत नाही.

हातात एक विज्ञान जहाज, एक बांधकाम जहाज आणि तीन छोटी लढाऊ जहाजं असतात. विज्ञान जहाजाला शेजारच्या ताऱ्यांच्या पाहणीला लावा, आणि पहिल्या महिन्यातच दुसरं विज्ञान जहाज बांधायला टाका. जिथे पाहणी नाही तिथे ठाणं टाकता येत नाही, म्हणून पाहणी मागे पडली की सगळंच मागे पडतं. वाटेत चमत्कारिक गोष्टी सापडतात, त्या वाचा. माझ्या मते पहिल्या तीस वर्षांतली ही वाचनाची मजाच या गेमचा सगळ्यात चांगला भाग आहे.

आता बांधकाम जहाज. ताऱ्यांमधल्या वाटा ठरलेल्या असतात, त्यांना हायपरलेन म्हणतात. वाट नाही तिथून जाता येत नाही. देशावरचा माणूस इथे गोंधळतो, आपल्याला सोपं जातं. कोल्हापूरहून गाडी घेऊन खाली यायचं तर आंबा, करूळ, फोंडा, आंबोली अशा मोजक्याच घाटांतून यावं लागतं, सह्याद्रीवरून उडी मारता येत नाही. घाट ज्याच्या ताब्यात त्याला सगळी खिंड अडवायला दोन चौक्या पुरतात. तसंच नकाशा लांब करून बघा. तुमच्या भागातून बाहेर जाणाऱ्या वाटा कुठल्या ताऱ्यावर एकत्र येतात? दोन, फार तर तीन असे तारे सापडतील. आधी तिथे ठाणी टाका. आतले तारे कुठे पळून जात नाहीत, ते मागाहून भरा. विजयदुर्ग वाघोटण खाडीच्या तोंडावर आहे, मधल्या कुठल्या गावात नाही.

ठाण्याला मिश्रधातू लागतात आणि इन्फ्लुअन्स, म्हणजे साम्राज्याचं वजन, लागतो. बाकी बहुतेक माल बाजारात विकत मिळतो, जितका घ्याल तितका भाव चढतो. इन्फ्लुअन्स विकत मिळत नाही. तो महिन्याला थोडा थोडा जमतो आणि सुरुवातीला तुमचा वेग तोच ठरवतो. म्हणून तो कुठल्याही किरकोळ घोषणेवर किंवा हुकमावर घालवू नका.

आणि ते लाल आकडे. भाच्याचं पहिल्या दिवशी काय झालं होतं ते नंतर सेव्ह उघडून बघितलं. त्याने राजधानीवर संशोधक भराभर वाढवले होते. संशोधक वापराच्या वस्तू खातात. वस्तू कारखान्यात बनतात, कारखाना खनिजं खातो. म्हणजे संशोधन वाढवलं, वस्तू उणे झाल्या, त्या भरून काढायला कारखाने टाकले, खनिजं उणे झाली, खाणी चालवायला हात उरले नव्हते. एक धागा ओढला आणि सगळं जाळं आलं. कुठलीही इमारत टाकण्याआधी ती काय देते याबरोबर काय खाते हे वाचायचं, आणि जे खाते ते दर महिन्याला किमान आठ-दहाने अधिक असेल तरच टाकायची. एवढा एक नियम पाळलात तर पहिली वीस वर्षं नीट जातील. आम्ही तो कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलाय. पावसाने कागद फुगलाय, पण आहे.

लढाऊ जहाजं पूर्ण विसरू नका. शेजारी तुमचं बळ मोजतात. अगदीच तीन जहाजांवर राहिलात तर २२३० च्या आसपास कुणीतरी चाचपून बघतोच.

पुढे गेम लांबली तर

या सगळ्या प्रकाराचं एक जुनं दुखणं आहे आणि कुणालाच त्यावर पुरतं औषध सापडलेलं नाही. सुरुवात रंगते, मध्य बरा जातो, आणि शेवटचा तिसरा हिस्सा रेंगाळतो. तुम्ही जिंकणार हे कळलेलं असतं, तरी चाळीस ग्रह एकेक करून घ्यायचे असतात. २००३ ची मास्टर ऑफ ओरायन ३ याच तिढ्यावर उपाय करायला गेली आणि गेमऐवजी हिशेबाचे तक्ते हातात आले, लोकांनी तिला झिडकारलं. स्टेलारिसने २४०० सालाच्या पुढे मोठं संकट आणायची सोय केली, की आकाशगंगेबाहेरून कुणीतरी येऊन सगळ्यांनाच गिळायला लागतं. ते थरारक असतं, पण तिथवर पोहोचायला पंधरा-वीस संध्याकाळी जातात. डाव सुरू करतानाच मध्य आणि शेवट यांची सालं अलीकडे ओढता येतात. आम्ही शेवट २३५० वर आणला.

आणि कंटाळा आला तर डाव सोडून द्या. मी अर्ध्याहून जास्त डाव सोडलेत. एका रात्री साडेबाराला लाइट गेली, आम्ही दोघं अंधारात लॅपटॉपच्या उजेडात शेवटच्या ग्रहाला वेढा घालून बसलो होतो, आणि आतून आईचा आवाज आला, "काय रे, तुमचा ह्या युद्ध अजून संपूक नाय?" तेव्हा बॅटरी अकरा टक्के होती. बंद केला. तो डाव पुन्हा उघडला नाही, आणि चुकल्यासारखंही वाटलं नाही.

एखादा डाव मात्र जपून ठेवावासा वाटतो, त्यासाठी ही शेवटची सूचना. स्टेलारिसची मोठी नवी आवृत्ती आली की जुनं सेव्ह बऱ्याचदा नीट चालत नाही. दिवाळीच्या सुमारास भाच्याचा ठाण्याहून फोन आला, मेमधला आपला डाव उघडतच नाही म्हणून. त्यावर इलाज आहे. स्टीममध्ये गेमच्या नावावर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, त्यात बेटाज, आणि यादीतून आधीची आवृत्ती निवडायची. ती उतरली की जुना डाव उघडतो. फोनवर सगळं सांगितलं, त्याने केलं, डाव उघडला. पाच मिनिटं शांतता.

"मामा, घाटातली दोन्ही ठाणी मी रिकामी ठेवली होती?"

"होय."

"मग राहू दे. नवाच लावतो."